जेट स्कीचा कॅरिअर गाडीच्या मागे लावायचाय? वेल्डिंग मशीन चालू करण्याआधी हे गणित करा



फॅब्रिकेशनच्या छोट्या धंद्यावरचा व्हिडिओ ज्यांनी पाहिला, त्यांना आठवत असेल की शेवटी मी जेट स्कीच्या कॅरिअरचा विषय काढला आणि दोन मिनिटांत आवरता घेतला. कारण त्यात आकडेमोड आहे, आणि आकडेमोड कॅमेऱ्यासमोर बोलून कंटाळवाणी होते. कागदावर मात्र ती नीट कळते. म्हणून आज इथे लिहितोय.

प्रश्न असा आहे. गिऱ्हाईक मोबाईलवर अमेरिकेतला एक व्हिडिओ दाखवतं. गाडीच्या मागे एक लोखंडी दांडा, त्यावर आडवी जेट स्की, पट्टे आवळलेले, गाडी हायवेला सुसाट. "असं बनवून द्या, पाइप तर चार-पाच हजाराचा लागेल." तुम्ही नवीन धंदा टाकलेला, हातात काम कमी. घ्यायचं का हे काम?

घ्यायचं की नाही हे शेवटी तुमचं तुम्ही ठरवा. पण ठरवायला जे लागतं ते सगळं खाली आहे.

ही वस्तू नेमकी काय आहे

अमेरिकेत पिकअप, मोठ्या एसयूव्ही आणि मोटरहोम यांच्या मागच्या बंपरखाली चॅसिसला बोल्टने बसवलेलं एक चौकोनी तोंड असतं. त्याला रिसीव्हर म्हणतात. सर्वांत जास्त चालणारा माप २ इंचाचा. त्यात चौकोनी दांडा सरकवायचा, आरपार १६ मिमीची पिन घालायची, झालं. मूळ काम ट्रेलर ओढण्याचं. पण लोकांनी त्याच तोंडाला सायकलचं स्टँड, सामानाची जाळी, मोटरसायकलचा कॅरिअर असं बरंच काही लावायला सुरुवात केली.

जेट स्कीला तर ट्रेलर मिळतोच, मग कॅरिअर कशाला? कारण सोपं आहे. मोटरहोमवाल्याच्या मागे आधीच छोटी कार बांधलेली असते, किंवा पिकअपच्या मागे बोटीचा ट्रेलर असतो. शिवाय ट्रेलर म्हटला की त्याची नंबरप्लेट आली, टायर आले, बेअरिंग आलं, आणि घरी उभा करायला जागा आली. कॅरिअर भिंतीला उभा टेकवून ठेवता येतो. तयार माल महाग, म्हणून हौशी लोक गॅरेजमध्ये स्वतःच बनवतात.

पहिला आकडा: वजन

रिसीव्हरला दोन क्षमता असतात आणि नवखे लोक नेहमी चुकीची वाचतात. एक असते ओढायची. ती मोठी असते, म्हणून तीच डोळ्यांत भरते. दुसरी असते दांड्यावर खाली दाबणाऱ्या वजनाची. कॅरिअरला चाकं नाहीत, त्यामुळे त्याचं शंभर टक्के वजन खालीच दाबतं. म्हणजे आपल्या कामाची फक्त दुसरी.

अमेरिकेत रिसीव्हरचे वर्ग पाडलेले आहेत. पहिल्या वर्गाला खाली दाबणारं वजन २०० पौंड, म्हणजे साधारण ९१ किलो चालतं. तिसऱ्या वर्गातला नेहमीचा २ इंची रिसीव्हर घ्या, जो २२७० किलोचा ट्रेलर ओढतो, त्यावर खाली दाबायला परवानगी ५०० पौंडांची, म्हणजे २२७ किलोची. ओढायला सव्वादोन टन आणि अंगावर घ्यायला सव्वादोनशे किलो! दहापट फरक. गिऱ्हाईक पहिला आकडा सांगेल, तुम्ही दुसरा विचारा.

आता जेट स्कीकडे या. (जेट स्की हे खरं तर कावासाकी कंपनीचं नाव आहे, पण आपण जसं वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं ते सगळ्यांनाच चिकटलंय.) उभं राहून चालवायची यामाहाची जुनी टू-स्ट्रोक सुपरजेट कोरडी १३९ किलोची. टाकीत १८ लिटर पेट्रोल म्हणजे आणखी १३ किलो. कॅरिअरचं स्वतःचं ३० किलो तरी धरा. झाले १८० च्या वर. २२७ मध्ये बसतंय.

सी-डूची स्पार्क ही बसून चालवायच्या मशीनमध्ये सर्वांत हलक्यांपैकी एक. दोन सीटची कोरडी १८५ किलोच्या आसपास. ३० लिटरची टाकी भरली की २२ किलो वाढले. एवढी अवजड वस्तू पेलायची तर कॅरिअरही ४० किलोचा लागणार. बेरीज २४७. गेलं मर्यादेबाहेर. शिवाय ती सुमारे २.८ मीटर लांब. आडवी ठेवली तर अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांतल्या १०२ इंच रुंदीच्या मर्यादेच्याही, म्हणजे २.५९ मीटरच्या, बाहेर जाते. आणि आपल्या कोकण किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या तीन सीटच्या मोठ्या मशीन तर सव्वातीनशे ते पावणेचारशे किलोच्या. त्यांचा विचारच करू नका.

म्हणजे व्हिडिओत दिसणारी ती जेट स्की बहुतेक उभ्याने चालवायची छोटी असते. गिऱ्हाईकाला "जेट स्की" एवढंच दिसतं. धंद्यात हा फरक तुम्हाला दिसला पाहिजे, आणि तो ऑर्डर घेण्याआधी दिसला पाहिजे.

दुसरा आकडा: अंतर

इथेच खरी मेख आहे. पाण्याने भरलेली घागर कडेवर घेऊन बाई मैलभर चालते. तीच घागर हात लांब करून धरायला सांगा, दहा पावलं होणार नाहीत. घागरीचं वजन वाढलं का? नाही. अंगापासूनचं अंतर वाढलं.

सुपरजेट ६८ सेंटिमीटर रुंद. तिचा मध्य कडेपासून ३४ सेंटिमीटरवर. बंपर आणि मशीन यांच्यात जागा सोडावी लागते, नाहीतर डिकीचं दार, दिवे, सगळं घासतं. म्हणजे रिसीव्हरच्या तोंडापासून वजनाचा मध्य ६० सेंटिमीटर मागे गेला. गाडीच्या मागच्या चाकाच्या आसापासून रिसीव्हरचं तोंड १.१ मीटर मागे असेल, तर आसापासून एकूण अंतर १.७ मीटर.

ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना हे एका शब्दात कळेल: गाडी उलाळते. मागे भार जास्त झाला की जू वर उचललं जातं. कारमध्ये जू नसतं, पुढची चाकं असतात. हिशेब करू. पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर ३ मीटर. मागे १८० किलो. पुढच्या चाकांवरून कमी झालेलं वजन = १८० × १.७ ÷ ३ = १०२ किलो. आणि मागच्या आसावर वाढलेलं वजन १८० नाही, १८० अधिक १०२, म्हणजे २८२ किलो!

पुढची चाकं काय करतात? गाडी वळवतात, आणि ब्रेकचा मोठा भागही तीच उचलतात. त्यांच्यावरून शंभर किलो कमी झाले म्हणजे ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकं लागणार आणि ब्रेक लांबणार. मागे स्प्रिंग बसलेली, हेडलाइट आभाळाकडे. सपाट रस्त्यावर गिऱ्हाईकाला काहीच जाणवणार नाही, ते तुम्हाला फोन करून शाबासकी देईल. घाटात पहिला पाऊस पडल्यावर जाणवेल.

यासाठीच, हिचला मागे लांबवणारा जोडदांडा विकणारे अनेक उत्पादक रिसीव्हरची क्षमता निम्मी धरायला सांगतात. घरी कॅरिअर बनवणारे हे वाक्य वाचत नाहीत, कारण त्यांनी जोडदांडा विकत घेतलेलाच नसतो, लांब दांडा स्वतःच कापलेला असतो.

तिसरा आकडा: पाइपची जाडी

आता जरा शाळेत जाऊ, पण थोडंच. ज्यांना आकडे नको असतील त्यांनी या भागातला शेवटचा परिच्छेद वाचला तरी चालेल.

१८० किलो म्हणजे साधारण १७६६ न्यूटन जोर. तो ६०० मिमी अंतरावर. रिसीव्हरच्या तोंडाशी दांड्याला वाकवणारा जोर झाला सुमारे १०,६०,००० न्यूटन-मिमी. याला पाइपच्या आकारातून येणाऱ्या एका आकड्याने भागायचं, की पोलादावर पडणारा ताण मिळतो. आपल्या दुकानात सर्रास मिळणारा ५० × ५० चा ३ मिमी जाडीचा चौकोनी पाइप घेतला तर हा आकडा ८३४० येतो, ताण १२७. अमेरिकेत या कामाला वापरतात तो २ इंची पाव इंच जाडीचा पाइप घेतला तर आकडा १४,९३६, ताण ७१.

साधं माइल्ड स्टील २५० च्या आसपास ताणाला कायमचं वाकायला लागतं. मग १२७ म्हणजे निम्माच की! नाही. हा ताण गाडी उभी असतानाचा. स्पीडब्रेकरवर, खड्ड्यात मागचा दांडा चाबकासारखा उडतो. मी अशा लटकत्या कामाला तिप्पट धरतो. १२७ चे झाले ३८१, पाइप वाकला. ७१ चे झाले २१३, कसाबसा टिकला. "कसाबसा" हा शब्द मुद्दाम वापरलाय. पाव इंच जाडीचा पाइपसुद्धा या कामात ऐषारामी नाही, आणि गिऱ्हाईकाने सांगितलेला चार-पाच हजाराचा हलका पाइप तर चालणारच नाही.

आणखी एक गोष्ट स्टीलच्या दुकानात कळते, व्हिडिओत नाही. आपल्याकडे ५० बाय ५० म्हणून विकला जाणारा पाइप बऱ्याचदा ४९.५ मिमी भरतो. २ इंच म्हणजे ५०.८. रिसीव्हरचं तोंड त्याहून थोडं मोठं. म्हणजे दांडा आत खडखडणार, आणि खडखडणारी वस्तू रोज शेकडो वेळा हातोडी मारून घेते. कॅलिपरशिवाय हे काम करू नये.

तरी बनवायचाच असेल तर

समजा गिऱ्हाईकाकडे खरोखर परदेशी बनावटीचा पिकअप आहे, रिसीव्हरवर क्षमतेची पट्टी आहे, मशीन छोटी आहे. तर मग ही पथ्यं.

रिसीव्हरमध्ये जाणारा दांडा अखंड हवा. दोन तुकडे जोडून नाही. रिसीव्हरच्या तोंडाशी किंवा पिनच्या भोकाजवळ आडवा वेल्ड टाकायचा नाही, कारण सगळ्यांत जास्त ताण तिथेच आहे आणि वेल्डच्या कडेपासूनच तडा सुरू होतो. दांडा आणि आडवा पाइप यांच्या सांध्याला दोन्ही बाजूंनी त्रिकोणी पट्ट्या. रॉड ६०१३ चालतो म्हणणारे भेटतील. या सांध्याला मी ७०१८ च मागतो, आणि तोही कोरडा, पावसाळ्यात उघड्या पुड्यातला नको.

मशीन एका दांड्यावर आहे, त्यामुळे ती डावी-उजवी झोके घेते. दोन्ही टोकांकडून गाडीच्या बॉडीवरच्या मजबूत कड्यांना पट्टे बांधून हे झोके थांबवायचे. मशीन टेकते ते पाळणे लाकडी फळीचे, वर रबर किंवा कार्पेट. तळाशी पाणी आत ओढणारी जाळी असते, तिच्यावर पाळणा येऊ द्यायचा नाही. सायलेन्सरचा धूर थेट तळावर लागतोय का बघा, कारण प्लॅस्टिकचा तळ त्या उष्णतेने मऊ पडतो. मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाणार, म्हणजे ती बाहेर नव्याने लावणं आलं.

आणि मग चाचणी. ही माझी आवडती, कारण फुकट आहे. वर्कशॉपमधल्या भक्कम खांबाला रिसीव्हरचा तुकडा वेल्ड करा, कॅरिअर त्यात घाला, टोकाची उंची भिंतीवर खडूने आखा. जिथे मशीनचा मध्य येणार तिथे पाण्याचे दोन ड्रम असे ठेवा की वजन दुप्पट, म्हणजे ३६० किलो होईल. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, काटा लागत नाही. रात्रभर ठेवा. सकाळी ड्रम काढल्यावर टोक खडूच्या रेषेवर परत आलं तर ठीक. दोन मिलिमीटर जरी खाली राहिलं तरी माल द्यायचा नाही. मागून येणाऱ्या बाइकवाल्याने तुमचं काय बिघडवलंय?

आपल्याकडचं वास्तव

आता गिऱ्हाईक मालवणचं, अलिबागचं किंवा नागावचं आहे असं धरू. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्यांना कंपनीचा रिसीव्हर येतच नाही. मागे जो हूक असतो तो बंद गाडी ओढून काढण्यासाठी असतो. खाली दाबायच्या वजनाचा आकडा गाडीच्या पुस्तकात शोधलात तर बहुधा सापडणार नाही, आणि आकडा नसेल तर वरचं सगळं गणित कशावर उभं करणार?

त्यात कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. याच कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरही येतो, म्हणजे रस्त्यावर ट्रेलर न्यायचा तर त्याची नोंदणी आली. अपघात झाला आणि विमा कंपनीचा माणूस आला तर तो पहिला प्रश्न विचारेल, हे कुणी बसवलं? बिल तुमच्या नावाचं असेल. "गिऱ्हाईकानेच सांगितलं होतं" हे उत्तर तिथे चालत नाही.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: आपल्याकडे गाडीच्या मागे लटकणाऱ्या जेट स्की कॅरिअरची ऑर्डर घेऊ नका. पण गिऱ्हाईकाला रिकाम्या हाताने पाठवूही नका. त्याला विचारा, "मशीन कुठून कुठे न्यायचीय?" दहातले बहुतेक जण म्हणतील, शेडमधून पाण्यापर्यंत. म्हणजे त्याला कॅरिअर नकोच आहे, त्याला किनाऱ्यावरची ट्रॉली हवी आहे!

ट्रॉली: इथे धंदा आहे

वाळूत तीनशे-साडेतीनशे किलोची मशीन चार माणसं ढकलतात, कंबर मोडते, तळ घासतो. काही ठिकाणी ट्रॅक्टर जोडतात. वाळूत हाताने किंवा ट्रॅक्टरने ओढायची ट्रॉली हे साधं, समजणारं, विकलं जाणारं काम आहे. चाकांवर वजन असल्यामुळे वरची सगळी भीती एकदम कमी होते. आस वजनाच्या मध्याच्या किंचित मागे ठेवा, म्हणजे पुढच्या मुठीवर वीस-पंचवीस किलो राहतील. आस फार पुढे गेला तर ट्रॉलीच उलाळेल. चाकं रुंद आणि कमी हवेची घ्या. अरुंद चाक वाळूत नांगरासारखं रुततं.

खाऱ्या पाण्याशी मात्र तडजोड नाही. रंग एका मोसमात पापुद्रे सोडतो. आधी पूर्ण वेल्डिंग करा, मग हॉट-डिप गॅल्वनायझिंग. गॅल्वनायझिंगच्या पाइपला वेल्डिंग करायला जाऊ नका, जस्ताचा धूर छातीत जातो आणि सांध्यावरचा थरही जळतो. आणि हे लक्षात ठेवाच: प्रत्येक बंद पाइपला दोन्ही टोकांना भोकं ठेवायची. सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बंद पाइप बुडवला की आतली हवा आणि ओल फुगते, पाइप फुटू शकतो. तिथल्या कामगाराच्या जिवाशी खेळ नको.

हिशेब बघा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा मांडा. ४० × ४० × ३ चा दहा मीटर पाइप म्हणजे साधारण ३३ किलो, ८५ रुपये दराने २८०० रुपये. रुंद चाकांची जोडी ६०००. आस आणि बेअरिंग १८००. लाकूड, रबर, पट्टे १५००. गॅल्वनायझिंग आणि तिथवरची वाहतूक १२००. रॉड, डिस्क वगैरे ७००. दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी ३६००. झाले १७,६००. इथे नवीन लोक थांबतात आणि वर "दोन हजार सुटले तरी बास" म्हणतात. भाडं, वीज, मशीनची घसारा, तुमची गॅल्वनायझिंगवाल्याकडची खेप, याचे २४०० धरा. खर्च २०,०००.

आता नफा तीस टक्के हवा. खर्चावर तीस टक्के लावले तर किंमत २६,०००. पण तुमच्या मनात विक्रीतले तीस टक्के उरावेत असं असेल तर २०,००० ला ०.७ ने भागायचं, किंमत २८,५७० येते. दोन्हीत अडीच हजारांचा फरक आहे आणि तो गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की तुमच्या खिशातून जातो. कोणता तीस टक्के, ते आधी ठरवा.

वेळही बघा. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या जलक्रीडा बंद असतात, मशीन शेडमध्ये येतात. तेव्हा मालकाकडे वेळ असतो, पैसा मोसमात कमावलेला असतो आणि मोडकी ट्रॉली डोळ्यांसमोर पडलेली असते. मेच्या शेवटी जाऊन माप घ्या, जून-जुलैत बनवा, मोसम उघडायच्या आत द्या. दिवाळीत ऑर्डर मागायला गेलात तर तो तुमच्याशी बोलणारही नाही, गिऱ्हाइकं सांभाळत असेल.

माप घेताना मशीनचं मॉडेल लिहून घ्या, तळाची रुंदी दोन ठिकाणी मोजा, आणि पाळणे कुठे येणार ते मशीनवरच टेप लावून फोटो काढा. ट्रॉली तयार झाली की तिच्यावर छोटी पट्टी ठोका: कमाल वजन अमुक किलो, फक्त किनाऱ्यावर वापरासाठी, सार्वजनिक रस्त्यावर नेऊ नये. हेच वाक्य बिलावर छापा आणि खाली गिऱ्हाईकाची सही घ्या. पट्टी बनवायला शंभर-दीडशे रुपये जातील. ते वरच्या हिशेबात मी धरलेले नाहीत, तुम्ही धरा.